थकीत कर्जाची सेटलमेंट: वसुली एजन्सीशी बोलण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, गाडीचं किंवा घराचं कर्ज थकलं आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, की लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांमागे एकच गैरसमज असतो: ज्याचा फोन येतो त्याच्याच हातात सेटलमेंट आहे, असं धरून चालणं. म्हणून पहिली पाच उत्तरं आधी वाचा. पुढची तुमच्या अडचणीनुसार वाचलीत तरी चालेल.

१. सेटलमेंट म्हणजे नेमकं काय? ती देतं कोण?

खातं थकलंय, पूर्ण येणं वसूल होणार नाही, असं बँकेला दिसलं की ती ठरलेली कमी रक्कम घेऊन उरलेला दावा सोडते. यालाच तडजोड किंवा ओटीएस (वन टाइम सेटलमेंट) म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी त्यासाठी नियमांची चौकट घालून दिली. प्रत्येक बँकेचं आणि वित्तकंपनीचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण हवं, आणि ज्या पातळीवर कर्ज मंजूर होतं त्याच्या निदान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याने सेटलमेंट मंजूर करायला हवी. म्हणजे फोनवरचा एजंट सेटलमेंट देऊच शकत नाही. तो निरोप नेतो-आणतो. पोस्टमनने पत्र आणलं म्हणून आतला शब्द त्याचा होत नाही, तसंच.

दुसरी बाजूही लक्षात असू द्या. सेटलमेंट हा कर्जदाराचा हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते. तुमची अडचण तात्पुरती असेल (नोकरी गेली पण दुसरी दिसतेय, आजारपण संपत आलंय), तर सेटलमेंटऐवजी हप्ते कमी करून मुदत वाढवून मागा. ते जास्त शहाणपणाचं ठरतं. याचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

२. फोन करणारा खरंच बँकेने नेमलेला आहे हे कसं ओळखायचं?

त्याला नाव, एजन्सीचं नाव आणि तुमचा कर्ज खाते क्रमांक विचारा, आणि फोन ठेवा. मग बँकेच्या वेबसाइटवरचा किंवा कर्जाच्या कागदांवरचा नंबर शोधून स्वतः फोन करा आणि माझं खातं कोणत्या एजन्सीकडे दिलं आहे ते विचारा. एजंटने दिलेल्या नंबरवर खात्री करून घेण्यात अर्थ नाही. नेमलेल्या एजन्सींची यादी बँकांनी वेबसाइटवर ठेवावी असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. ॲपवरून घेतलेलं कर्ज असेल तर वसुली एजंट नेमल्याची माहिती तो भेटण्याआधीच तुम्हाला एसएमएसने किंवा ई-मेलने यायला हवी.

घरी आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायलाच हवं. ते दाखवल्याशिवाय कर्जाविषयी एक शब्दही बोलायची गरज नाही.

३. एजंट म्हणतो, "आज संध्याकाळपर्यंत ३० हजार भरा, बाकी सगळं माफ." भरू का?

बँकेचं सेटलमेंटचं पत्र हातात नसेल तर नाही. पत्राशिवाय भरलेले ३० हजार हे तुमच्या थकबाकीत जमा झालेले ३० हजार, इतकंच. उद्या दुसरा एजंट उरलेल्या रकमेसाठी फोन करेल, आणि कालच्या बोलण्याचा पुरावा तुमच्याकडे काहीच नसेल. व्हॉट्सॲपवर आलेला लेटरहेडचा फोटो, एजन्सीच्या नावाचं पत्र, "साहेबांनी तोंडी ओके दिलंय" हे काहीही पत्रात धरू नका.

'आजच्या आज' हे दडपण बहुतेक वेळा महिनाअखेरच्या टार्गेटचं असतं. शांतपणे सांगा: "रक्कम मला मान्य होण्यासारखी आहे. बँकेकडून पत्र पाठवा, पत्रातल्या मुदतीत भरतो." प्रस्ताव खरा असेल तर पत्र येतं. न आलं तर काय समजायचं ते उघड आहे.

४. सेटलमेंटच्या पत्रात काय काय असायला हवं?

या एका कागदावर सगळं उभं असतं, तेव्हा घाई न करता वाचा.

पत्र कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेटरहेडवर असावं, एजन्सीच्या नव्हे. ई-मेलने आलं तर संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेलं असावं. त्यात तुमचं नाव, कर्ज खाते क्रमांक, आजची एकूण थकबाकी, सेटलमेंटची रक्कम (अंकी आणि अक्षरी), भरण्याची शेवटची तारीख आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे हे स्पष्ट हवं. क्रेडिट कार्ड असेल तर कार्डाचे शेवटचे चार अंक. एकाच बँकेत कार्ड आणि पर्सनल लोन दोन्ही असतील तर पत्र नेमकं कशासाठी आहे हे दोनदा तपासा. एक मिटलं आणि दुसरं तसंच राहिलं, अशा तक्रारी नेहमी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: ही रक्कम मिळाल्यावर खात्यावरील संपूर्ण येणं मिटलं असं मानलं जाईल आणि पुढे कोणताही दावा राहणार नाही. हे नसेल तर पत्र अपुरं आहे. "पार्ट पेमेंट", "उर्वरित रकमेचा हक्क राखून" असे शब्द दिसले तर ते पत्र सेटलमेंटचं नाहीच. शिवाय बेबाकी दाखला म्हणजे नो ड्यूज किती दिवसांत मिळेल, सिबिलला (म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवून गुण देणाऱ्या कंपनीला) काय कळवलं जाईल, दिलेले कोरे चेक आणि हप्त्याचं मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) परत किंवा रद्द होईल का, चालू असलेली केस मागे घेतली जाईल का, हेही लिहून घ्या. जामीनदार असेल तर प्रश्न १६ पाहा.

एक अट बहुतेक पत्रांत असते: मुदतीत पूर्ण रक्कम न आल्यास सेटलमेंट रद्द, आणि भरलेले पैसे थकबाकीत वळते. ती सहसा काढून घेता येत नाही. म्हणून तारीखच अशी मागा की जी तुम्हाला नक्की पाळता येईल.

पत्र आल्यावर संस्थेच्या ग्राहक सेवेला ते जोडून ई-मेल करा आणि पत्र खरं असल्याचं लेखी उत्तर घ्या. बनावट पत्रं सर्रास फिरतात, आणि ती दिसायला खऱ्यापेक्षा नीटनेटकी असतात.

५. पैसे भरायचे कसे?

थेट कर्ज खात्यात, स्वतःच्या बँक खात्यातून, एनईएफटीने किंवा संस्थेच्या अधिकृत पेमेंट लिंकवरून. चेक किंवा डीडी असेल तर संस्थेच्या नावाने, आणि नावापुढे कर्ज खाते क्रमांक लिहून. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर, मग तो फक्त 'प्रोसेसिंग'चा हजार रुपया का असेना, काहीही पाठवू नका. रोख देणं टाळा. शाखेत काउंटरवर भरत असाल तर शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय हलू नका.

भरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खात्याचा उतारा मागवा आणि रक्कम जमा झाल्याचं बघा.

६. किती सूट मागावी? लोक म्हणतात निम्म्यात होतं.

ठरलेला आकडा कुठेही नाही, आणि छातीठोकपणे आकडा सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा. सूट ठरते ती कर्ज तारणी आहे की विनातारण, किती काळ थकलंय आणि तुमच्याकडून वसुलीची शक्यता किती, यावर. ९० दिवसांवर थकलं की खातं एनपीए (बुडीत जाण्याच्या बेतातलं) धरलं जातं, आणि त्यानंतर बोलणी सोपी होतात. म्हणून काहीजण मुद्दाम हप्ते थांबवायचा सल्ला देतात. तो मानू नका. त्या काळात चढलेलं व्याज, दंड आणि बिघडलेला सिबिल यांचा हिशेब सल्ला देणारा कधीच सांगत नाही.

बोलणी सुरू करण्याआधी खात्याचा पूर्ण उतारा मागा आणि मुद्दल, व्याज, दंड वेगळे करून पाहा. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार थकबाकीवर दंड आकारता येतो, पण तो वाढीव व्याजदराच्या रूपात नाही, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. (क्रेडिट कार्डाला हा नियम लागू नाही.) उताऱ्यात असं काही सापडलं तर बोलणीत तो तुमचा पहिला मुद्दा.

आकडा सांगताना तुम्हाला मुदतीत खरोखर उभे करता येतील त्यापेक्षा थोडे कमी पैसे सांगा आणि सोबत कागद जोडा: नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, बँकेचा उतारा. रडगाण्यापेक्षा कागदाला वजन असतं. आणि सेटलमेंटसाठी दुसरं कर्ज काढत असाल, तर थांबा.

७. एकरकमी पैसे नाहीत. हप्त्यांत सेटलमेंट होते का?

होते, दोन-तीन हप्ते बऱ्याच संस्था देतात. रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली तर नियमानुसार ते कर्जाची पुनर्रचना धरलं जातं, म्हणून त्यापुढे जायला बँका नाखूश असतात.

खरा धोका पुढच्या तारखांच्या चेकचा. तो वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जे प्रकरण दिवाणी होतं ते तुम्ही स्वतःच्या सहीने फौजदारी करून घेता. हप्ता हुकण्याची शंका असेल तर चेक देऊ नका, दर वेळी स्वतः एनईएफटी करा. ऑटो-डेबिटचं मँडेटही याच जातीचं: पुरेशा पैशांअभावी ते परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात जवळपास अशीच तरतूद आहे.

८. वसुलीवाले रात्री फोन करतात, ऑफिसात आणि नातेवाइकांना सांगतात. हे चालतं का?

नाही. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायला मनाई केली आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या किंवा मित्रांच्या खासगीपणात घुसणं, सोशल मीडियावर नको ते मेसेज टाकणं, हे सगळं त्यात येतं. बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर वेळ आणखी कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. तिथे वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. लागोपाठ दोनदा कर्जदार आला नाही तरच घरी यायची मुभा आहे.

एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते. "तो एजन्सीचा माणूस, आमचा नाही" हे उत्तर चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथून पुढे काय ते प्रश्न २० मध्ये. मारहाणीची धमकी किंवा फोटोशी छेडछाड झाली असेल तर मात्र बँकेच्या उत्तराची वाट बघत बसू नका. पोलीस ठाणे गाठा, ऑनलाइन प्रकार असेल तर १९३० वर फोन करा.

९. "उद्या पोलीस येतील, वॉरंट निघालंय" असं सांगतात. अटक होऊ शकते का?

निव्वळ कर्ज न फेडल्याबद्दल नाही. ते दिवाणी येणं आहे, आणि वॉरंट एजंट काढत नाही, न्यायालय काढतं. अपवाद दोन: चेक न वटल्याची केस (प्रश्न ७) आणि खोटी कागदपत्रं देऊन कर्ज उचलल्याचा आरोप. या दोन्हींत न्यायालयाचं समन्स आलं असेल तर वकील गाठा, तारीख चुकवू नका.

१०. लोकअदालतीची नोटीस आली आहे. जावं का?

खरी असेल तर जा. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नोटीस खरी आहे का ते विचारा, कारण लोकअदालतीच्या नावाने नुसते घाबरवणारे मेसेजही फिरतात. लोकअदालतीला फी नाही, वकील लागत नाही, आणि बँकेचा अधिकार असलेला माणूस समोर बसलेला असतो, जे एजन्सीच्या फोनवर कधी होत नाही. दोघांची संमती झाली तरच निवाडा होतो. मात्र एकदा सही केलीत की तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा, आणि त्यावर अपील नाही. तेव्हा न झेपणाऱ्या आकड्यावर भिडेखातर सही करू नका.

११. सेटलमेंटने सिबिल खराब होतो का? नंतर सुधारतो का?

होतो. अहवालात खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं आणि पुढची प्रत्येक बँक ते वाचते. शिवाय ज्या संस्थेने सेटलमेंट दिली ती निदान १२ महिने तुम्हाला नवीन कर्ज देऊ शकत नाही (शेतीकर्जाचा नियम वेगळा). मात्र वर्षानुवर्षं 'राइट-ऑफ' (बँकेने हिशेबातून काढलेलं, पण तुमच्याकडे येणं असलेलं कर्ज) आणि थकबाकी दिसत राहण्यापेक्षा 'सेटल्ड' बरं.

पुढे हातात पैसे आले तर सोडलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेता येतं का, हे संस्थेला लेखी विचारा. बऱ्याच तयार होतात. पण "पाच हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अहवालात खरोखर चूक असेल तर ती दुरुस्त करून घेणं फुकट आहे. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. सेटलमेंटनंतर दोनेक महिन्यांनी चारही बघा.

१२. सात वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डासाठी आता फोन येतोय. द्यावं लागेल का?

आधी हे उत्तर पूर्ण वाचा, तोवर काही लिहून देऊ नका, काही भरू नका. विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. त्या तीन वर्षांत तुम्ही लेखी कबुली दिली असेल, किंवा थोडी रक्कम भरून त्याची तुमच्या सहीची नोंद असेल, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. मुदत उलटल्यावरची नुसती कबुली ती जिवंत करत नाही, पण "मी हे पैसे देईन" असं सहीनिशी लिहून दिलंत तर तो नवा करार ठरू शकतो. 'फक्त ५०० रुपये टोकन भरा आणि हे पत्र सही करा' ही मागणी जुन्या कर्जांतच जास्त का दिसते, ते यावरून कळेल.

मुदत उलटली तरी कर्ज पुसलं जात नाही. फोन येऊ शकतात, सिबिलमध्ये दिसू शकतं. आणि मधल्या काळात न्यायालयात दावा होऊन हुकूमनामा झाला असेल, तर त्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत करता येते. तेव्हा आधी केस झाली होती का ते शोधा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हे उत्तर लागू नाही, प्रश्न १८ पाहा.

१३. माझं कर्ज बँकेने दुसऱ्या कंपनीला विकलं म्हणतात. सेटलमेंट कोणाशी?

ज्या कंपनीने विकत घेतलं तिच्याशी. पण आधी मूळ बँकेकडून कर्ज हस्तांतर झाल्याचं लेखी घ्या. वसुलीसाठी एजन्सीला दिलेलं कर्ज आणि मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं कर्ज यात फरक आहे. पहिल्यात पत्र बँकेचं लागतं, दुसऱ्यात विकत घेणाऱ्या कंपनीचं. बँकेने विकून टाकल्यावर बँकेच्याच जुन्या खात्यात पैसे भरून आलेले लोक नंतर हेलपाटे घालतात.

१४. घर तारण आहे. सेटलमेंटला किती वेळ हातात असतो?

सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) आधी ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी आक्षेप पाठवा, बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण येणं भरून घर सोडवता येतं, नंतर तो हक्क राहत नाही. सेटलमेंटची बोलणी चालू आहेत म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत. बँकेने थांबवल्याचं लेखी दिलं तरच थांबली.

पैसे भरल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबाऱ्यावरचा किंवा मालमत्ता पत्रकावरचा बोजा उतरवून घ्या. गाडी असेल तर आरटीओचा फॉर्म ३५ घ्या, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं.

१५. कोर्टात केस चालू आहे. बाहेर मिटवून टाकलं तर?

बाहेर बोलणी करा, पण शेवट कोर्टातच. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार अशा सेटलमेंटला न्यायालयाचा संमतीचा हुकूमनामा लागतो. नुसते पैसे भरून तारखेला जाणं सोडलंत, तर तुमच्या गैरहजेरीत पूर्ण रकमेचा निकाल लागू शकतो.

१६. मित्राने सेटलमेंट केली. मी जामीनदार, सुटलो का?

आपोआप नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याला न विचारता कर्जदाराशी तडजोड केली तर जामीनदार सुटतो असं करार कायद्यात आहे, पण बहुतेक जामीनपत्रांत हा हक्क आधीच सोडून दिलेला असतो. तेव्हा सेटलमेंटच्या पत्रात तुमचं नाव घालून घ्या. सहकर्जदारालाही हेच.

१७. वडील वारले. त्यांच्या कर्जासाठी आम्हाला फोन येतात.

त्यांच्याकडून तुम्हाला जी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तुमच्या पगारातून नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर गोष्ट वेगळी. बोलणी करण्याआधी कर्जावर विमा होता का ते पाहा. हप्त्यात त्याचे पैसे कापले गेलेले असतात आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

१८. कर्ज पतसंस्थेचं आहे. हेच नियम लागू होतात का?

नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँका आणि वित्तकंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) इथे कामाचा नाही, तक्रार उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे करायची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकांकडून वसुली दाखला मिळवते, आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. कलम १०१ ची नोटीस आली तर हजर राहून हिशेब तपासून मागा, दाखला निघाल्यावर बोलणी अवघड होतात. मुदतीचा नियमही वेगळा: सभासदाकडच्या येण्याची मुदत तो सभासद राहणं थांबल्यापासून किंवा मृत्यूपासून मोजली जाते. ओटीएस मागताना संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घ्या, व्यवस्थापकाच्या शब्दावर राहू नका.

१९. "आम्ही तुमची सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या कंपन्यांची मदत घ्यावी का?

माझं मत: बहुतेकांना गरज नाही. त्या जे पत्र लिहितात ते तुम्ही लिहू शकता. आगाऊ फी मागणं, बँकेशी बोलणं बंद करायला सांगणं, हप्त्याचे पैसे 'आमच्याकडे जमा करा' म्हणणं, यातलं एकही दिसलं तर दूर राहा. केस कोर्टात असेल किंवा घर तारण असेल तर वकिलाची फी मात्र वाया जात नाही.

२०. पैसे भरले, पत्रही आहे, तरी फोन येतात आणि नो ड्यूज मिळत नाही.

सेटलमेंटचं पत्र आणि भरल्याचा पुरावा जोडून संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील नको, मदतीसाठी १४४४८. तिथे जायलाही कालमर्यादा आहे, तेव्हा लांबवू नका.

त्याच बँकेत तुमचा पगार जमा होत असेल तर सेटलमेंट होण्याआधीच खातं दुसरीकडे हलवलेलं बरं. आपलं येणं तिथल्या शिलकेतून वळतं करून घ्यायचा अधिकार बँका वापरतात, आणि नेमक्या पगाराच्या दिवशी.

२१. माफ झालेल्या रकमेवर इन्कम टॅक्स लागतो का?

घरगुती वापरासाठीचं कर्ज असेल तर सहसा प्रश्न येत नाही. धंद्याचं कर्ज असेल, विशेषतः त्याचं व्याज तुम्ही खर्चात दाखवलं असेल, तर रिटर्न भरण्याआधी सेटलमेंटचं पत्र सीएला दाखवा.